सेव्हरन्सचे पैसे ठरल्याप्रमाणे आले नाहीत, तर वसुली कशी करावी

सेव्हरन्स म्हणजे नोकरी सुटताना कंपनी करार करून देते ते पैसे; बदल्यात तुम्ही बहुधा कंपनीवरचे दावे सोडता. या करारावर तुमच्या आणि कंपनीच्या सह्या झाल्या की तुम्ही माजी कर्मचारी कमी आणि घेणेकरी जास्त असता. तुम्हाला कसं काढलं, साहेब कसे वागले, हे विषय आता बाजूला ठेवा. कलम, रक्कम आणि तारीख एवढ्यावरच बोला. जुन्या तक्रारी मध्ये आल्या की कंपनीच्या वकिलाला उत्तर द्यायला सोपा विषय मिळतो आणि पैशांचा मुद्दा मागे पडतो.

१. पैसे खरंच थकलेत का ते तपासा

बऱ्याच जणांकडे फक्त स्वतःची सही असलेली पीडीएफ असते. तसं असेल तर दोन्ही सह्यांची प्रत आधी मागून घ्या. मग देय तारीख शोधा. ‘३० दिवसांत’ असं लिहिलेलं असलं तरी ते दिवस कधीपासून मोजायचे? सहीपासून, शेवटच्या कामाच्या दिवसापासून, की लॅपटॉप परत केल्यापासून? अमेरिकेत ४० किंवा त्याहून जास्त वयाच्या कर्मचाऱ्याने वयाच्या भेदभावाचा दावा सोडला, तर सहीनंतर ७ दिवस माघार घेता येते. तिथे पैशांची मुदत बहुधा त्यानंतर सुरू होते.

रक्कम कमी आली असेल तर आधी करकपातीचा तपशील मागवा. करारातला आकडा बहुधा कर कापण्याआधीचा असतो, त्यामुळे तो आणि बँकेत जमा झालेला आकडा जुळणार नाही.

२. आपली बाजू स्वच्छ करा

तुमच्याकडून एखादी अट राहिली असेल, तर कंपनी तीच पुढे करून पैसे अडवते. लॅपटॉप, ओळखपत्र, कार्ड परत केल्याची पोच जवळ ठेवा. ऑनलाइन प्रोफाइलवर अजून ‘सध्याची नोकरी’ दिसत असेल तर बदला. कंपनीविरुद्ध काही लिहायचं नाही असं कलम असेल, तर रागाच्या भरात टाकलेली एक पोस्ट महागात पडते.

३. तक्ता करा, मग साधा ईमेल

पाच रकाने पुरतात: कलम, काय ठरलं, कधी देय, काय मिळालं, फरक. पैशांखेरीज कबूल केलेलं सगळं त्यात घ्या: विमा, अनुभव पत्र, शेअर. विमा आणि शेअरचे पर्याय (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) यांना स्वतःची मुदत असते आणि ती तुमच्या पत्रव्यवहारासाठी थांबत नाही. ती आधी हाताळा.

पहिला ईमेल वैयक्तिक पत्त्यावरून, एचआर आणि अकाउंट्स दोघांनाही, तक्त्यासह पाठवा. कामाचे ५ दिवस द्या. कितीतरी वेळा कारण क्षुल्लक निघतं: जुनं बँक खातं, किंवा तुमचा करार हाताळणारा माणूसच नोकरी सोडून गेलेला. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी ‘आपलं असं ठरलं’ असा ईमेल टाका.

४. लेखी नोटीस

उत्तर आलं नाही तर नोटीस. ती कुठे आणि कशी पाठवायची हे करारातल्या ‘नोटीस’ कलमात असतं. तिथे नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि पोस्ट म्हटलं असेल, तर नुसत्या ईमेलवर विसंबू नका. चूक दुरुस्त करायला करारात मुदत दिली असेल तर तीच द्या, नाहीतर १४ दिवस ठीक. मजकूर इतकाच:

‘दिनांक … च्या कराराच्या कलम … नुसार रु. … दिनांक … रोजी देय होते. आजवर रु. … मिळाले, रु. … बाकी आहेत. ही रक्कम दिनांक … पर्यंत जमा करावी. करारातील माझ्या सर्व अटी मी पाळल्या आहेत. माझे सर्व हक्क अबाधित आहेत.’

पोलिसांत जाईन, बदनामी करेन, असली वाक्यं नकोत.

५. अर्धवट पैसे आणि हप्ते

थोडी रक्कम आली तर नाकारू नका, पण ‘बाकी रकमेपोटी स्वीकारली’ असं लगेच लिहून कळवा. सोबत ‘पूर्ण व अंतिम’ अशी पावती किंवा नवा दावा-त्याग (कंपनीवरचे दावे सोडल्याचा कागद) सहीला आला, तर थांबा. राहिलेल्या पैशांवर पाणी सोडायला लावणारा कागद बहुधा हाच असतो.

हप्त्यांचा करार असेल तर एक कलम बारकाईने शोधा: एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय होते का? ते नसेल तर साधारणपणे चुकलेल्या हप्त्यांचीच मागणी करता येते.

६. कुठे दाद मागायची

करारात लवादाचं (कोर्टाऐवजी खासगी पंचाकडून निवाडा करण्याचं) कलम असेल तर थेट कोर्टात गेल्यास कंपनी त्यावर बोट ठेवून तुम्हाला लवादाकडे पाठवायला लावू शकते. नसेल तर रक्कम पाहून दिवाणी कोर्ट, छोट्या दाव्यांचं कोर्ट किंवा कामगार यंत्रणा. दावा दाखल करायची मुदत देशागणिक बदलते. करारभंगासाठी भारतात १९६३ च्या मुदत कायद्याने साधारण ३ वर्षं, इंग्लंडमध्ये ६. कामगार न्यायाधिकरणांच्या मुदती मात्र अनेक ठिकाणी महिन्यांत मोजतात. ‘बघतो, करतो’ अशा तोंडी आश्वासनांनी मुदत थांबत नाही. भारतात मुदत संपण्याआधी कंपनीने सहीनिशी देणं मान्य केलं तर मुदत नव्याने सुरू होते, म्हणून आश्वासन नेहमी लेखी मागा.

कंपनीने करार मोडला म्हणून तुम्ही सोडून दिलेले जुने दावे आपोआप जिवंत होत नाहीत. त्या वाटेने जायचं तर घेतलेले पैसे परत करावे लागू शकतात. वकिलाला विचारल्याशिवाय तसं पाऊल टाकू नका.

आणि कंपनीच बुडत असल्याची चिन्हं दिसली, तर १४ दिवसांची वाट पाहण्यात अर्थ नाही. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की कोर्टातली वसुली बहुधा थांबते. त्या प्रक्रियेसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाहीर तारखेच्या आत दावा नोंदवा, आणि सोबत तोच तक्ता जोडा.