चार बाय आठ फुटांची न्हाणी: माझा अनुभव

जळगावला घर बांधताना न्हाणी-संडासासाठी ४ बाय ८ फूट एवढीच जागा उरली. मिस्तरींनी कमोड दारासमोर आणि दार आत उघडणारे धरले होते, म्हणजे आत शिरल्यावर दार लावण्यासाठी मागे सरकायलाही जागा राहिली नसती. प्लंबिंगचे पाइप टाकण्याआधी मी चुन्याने जमिनीवर आराखडा ओढला, कमोडच्या जागी प्लास्टिकचे स्टूल ठेवले आणि आईला तिथे बसून-उठून पाहायला सांगितले. "गुडघे भिंतीला लागतात रे," एवढेच ती म्हणाली, आणि सगळी मांडणी बदलली.

खिडकीकडची ३ फूट जागा अंघोळीला, मधली अडीच फूट कमोडला आणि उरलेली अडीच फूट दार व लहान बेसिनला दिली. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना १५ इंच आणि समोर २१ इंच मोकळे राहतील, हे टेपने मोजून घेतले. दार बाहेर उघडणारे केले. अंघोळीची फरशी १ इंच खाली घेऊन उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याकडे दिला; त्यात साचून राहणारे पाणी गटाराचा वास वर येऊ देत नाही. फरशी बसवताना बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबते ते पाहिले, तेव्हा एका कोपऱ्यात डबके साचले आणि दोन फरश्या उखडाव्या लागल्या.

पाण्याच्या पिंपासाठी जागा ठेवायला मात्र मी विसरलो होतो. ते आता बेसिनखाली आडोशाला बसते. उन्हाळ्यात पंधरा दिवस गावाला गेलो की ट्रॅपमधले पाणी आटून वास येतो, म्हणून शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन अधूनमधून तांब्याभर पाणी ओतायला सांगतो.