अंदमानात प्रवाळ मोजायला आणि शाळेत शिकवायला जाताना

अंदमानला स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं की आधी दिवस मोजा, संस्था नंतर शोधा. दोन आठवडे पुरत नाहीत. पहिला आठवडा मासे आणि प्रवाळ ओळखण्यात जातो, दुसऱ्यात मोजणी जराशी जमू लागते आणि परतीचं विमान येतं. सहा ते आठ आठवडे काढता येत असतील तरच निघा, नाहीतर तुम्हाला शिकवण्यातच तिथल्या माणसांचा हंगाम संपतो.

आता महिने. समुद्र साधारण जानेवारी ते एप्रिल शांत असतो, मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की पाणी गढूळ होतं. बोर्डाच्या परीक्षा मात्र फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतात आणि मार्चमध्ये बाकीच्या वर्गांना पाहुण्यासाठी वेळ नसतो. म्हणून जानेवारीत शाळा, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी, असा क्रम ठेवा. पाण्याचे दिवस तिथीवर बांधा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, ओढ कमी आणि पाणी त्या मानाने नितळ. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मोजणीची टेप हातात ठरत नाही.

संस्थेला विचारायचं ते एवढंच: तुमची आकडेवारी कोण वापरतं, मागच्या वर्षीच्या नोंदी बघायला मिळतील का, आणि वनखात्याची परवानगी कोणाच्या नावाने आहे? वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ पासून संरक्षित आहे. तिथे परवानगीशिवाय मोजणीची टेपही टाकायची नाही. खडक बांधणारे सगळे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. 'पहिल्याच आठवड्यात तुमच्या हाताने प्रवाळ लावा' असं कोणी सांगत असेल तर परवानगीचं पत्र मागा. पत्र नसेल तर पैसे भरू नका.

मोजणीला डायव्हिंगचा ओपन वॉटर परवाना पुरतो. तो १८ मीटरपर्यंत चालतो आणि आपलं काम ३ ते १० मीटरवर असतं. परवान्यापेक्षा तोल महत्त्वाचा. प्रवाळाच्या हातभर वर, पाय न हलवता, एक मिनिट स्थिर राहून पाटीवर लिहिता येतं का? येत नसेल तर तुमच्या पायातल्या फिनच्या एका फटक्यात मोजायच्या प्रवाळाचीच फांदी मोडते. हा सराव मालवणजवळ तारकर्लीला करून घ्या, तिथे पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. मालवणच्या धुरकट पाण्यात तोल जमला की अंदमानात तो सांभाळणं सोपं जातं.

रीफ चेक या प्रवाळ मोजणाऱ्या संस्थेची जगभर वापरली जाणारी पद्धत स्वयंसेवकांसाठीच बेतलेली आहे. फायबरग्लासची १०० मीटरची टेप (पोलादी गंजते) एकाच खोलीवर, किनाऱ्याला समांतर टाकायची. तिच्यावर २० मीटरचे चार तुकडे, मध्ये ५ मीटर मोकळे: ० ते १९.५, २५ ते ४४.५, ५० ते ६९.५ आणि ७५ ते ९४.५. दर अर्ध्या मीटरला टेपच्या खाली काय आहे ते लिहायचं. एका तुकड्यात ४० बिंदू, एकूण १६०. तुकडा २० वर नाही, १९.५ वर संपतो. नवखा माणूस इथे हमखास चुकतो, त्याचे ४१ बिंदू होतात आणि सगळी टक्केवारी बिघडते.

'टेपच्या खाली काय आहे' हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात टेप लाटेबरोबर झुलते आणि डोळा नकळत शेजारच्या सुंदर प्रवाळाकडे जातो. वाळूच्या जागी प्रवाळ लिहिला जातो. यावर उपाय गवंड्याचा आहे: ओळंबा. दीड-दोन मीटर नायलॉनच्या दोरीला एक छोटा लोखंडी नट बांधा, टेपवरच्या खुणेशी दोरी धरा आणि नट सोडा. नट ज्याला टेकला तेच लिहायचं, मग ते कितीही कंटाळवाणं असो. पाटीला बांधलेली लाकडी पेन्सिल पाण्यात फुगून उकलते, म्हणून आधीच चिकटपट्टी गुंडाळा आणि दुसरी पेन्सिल जवळ ठेवा.

ओळखताना सगळ्यात मोठा घोळ पांढऱ्या प्रवाळाचा. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एक अंश जास्त, असं चारेक आठवडे राहिलं की प्रवाळ आपल्या पेशींतली शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तो अजून जिवंत असतो. जवळून पाहिलं तर काचेसारखे पारदर्शक पॉलिप (प्रवाळाचे इवले जीव) दिसतात. त्याची नोंद जिवंत कठीण प्रवाळ म्हणूनच करायची आणि बाजूला 'पांढरा' लिहायचं. पॉलिप नाहीत, सांगाडा शाबूत आहे, वर शैवालाची पातळ साय धरू लागली आहे, तर तो नुकताच मेलेला. तुटलेला तुकडा १५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर भुगा, मोठा असेल तर खडक. वाळू की गाळ कळेना तर चिमूटभर उचलून सोडा: वाळू लगेच खाली बसते, गाळ तरंगत राहतो.

मासे मोजायचे असतील तर टेप टाकल्यावर १५ मिनिटं लांब थांबा, घाबरलेले मासे परत येऊ द्या. टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच मीटर, एवढाच पट्टा. पाण्याखाली सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं दिसतं, त्यामुळे २३ सेंटिमीटरचा गोब्रा ३० चा वाटतो आणि नोंद करायची मर्यादाच ३० ची आहे. प्लास्टिकच्या पत्र्याचे २० आणि ३० सेंटिमीटरचे मासे कापून दोरीला अडकवा आणि पाण्याखाली रोज दहा मिनिटं अंदाज बांधा. चारेक दिवसांत डोळा बसतो.

१६० पैकी ५२ बिंदू जिवंत कठीण प्रवाळाचे असतील तर ३२.५ टक्के. पण एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानाची जमीन वर उचलली गेली आणि उघडी पडलेली प्रवाळ-भिंत उन्हात मेली. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले. प्रत्येक जागेचा इतिहास वेगळा आहे. आकड्याला अर्थ येतो तो त्याच रेषेवर पुढच्या वर्षी पुन्हा मोजल्यावर. म्हणून सुरुवातीचं जीपीएस स्थान, खोली, होकायंत्राची दिशा आणि वेळ लिहिल्याशिवाय पाण्याबाहेर आलेली पाटी निम्मी वाया गेली असं समजा.

शाळेतही हेच शिकवा. शहीद द्वीप, स्वराज द्वीप इथली बरीच कुटुंबं बंगाली आहेत, पण हिंदी सगळ्यांना येते, त्यामुळे मराठी माणसाचं भाषेवाचून अडत नाही. 'प्रवाळ' म्हणू नका, 'कोरल' किंवा 'मूंगा' म्हणा. स्लाइड दाखवत बसू नका. वीस मीटरची सुती दोरी घ्या, दर अर्ध्या मीटरला गाठ मारा (० ची गाठ धरून ४०) आणि मैदानात ताणा. प्रत्येक गाठीखाली काय: गवत, माती, दगड की पाला? एक गट मोजतो, दुसरा गट त्याच्या कागदाकडे न बघता तीच दोरी मोजतो. एकाचं गवत १५ येतं, दुसऱ्याचं १७. आता विचारा, फरक का आला? कोणीतरी सांगतंच की गाठ गवताच्या कडेवर होती. मग ओळंबा काढा आणि पुन्हा मोजायला लावा. सहावी-सातवीला टक्केवारी लगेच जमते, चाळीस मिनिटांचा तास पुरतो.

पहिला तास तुम्ही घ्या, दुसरा तिथल्या शिक्षकांना घेऊ द्या आणि तुम्ही मागे उभे राहा. तुम्ही गेल्यावर तास चालू राहायचा असेल तर याला पर्याय नाही. शिक्षक वर्गात नसताना शिकवू नका, परवानगीशिवाय मुलांचे फोटो काढू नका. आणि ज्याच्या घरची चूल मासेमारीवर पेटते त्या मुलाला 'मासे पकडणं वाईट' असं कधीही सांगू नका. कोणता मासा कोणत्या महिन्यात मिळतो ते त्यालाच विचारा आणि फळ्यावर लिहा.

जिवाची काळजी: खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरू नका, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. वनखात्याची पाटी असेल तिथे तर पाय भिजवायलाही नको. दगडमाशाचा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम, जास्तीत जास्त ४५ अंशाच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं धरा आणि दवाखाना गाठा. पाणी किती गरम आहे ते न दुखणाऱ्या हाताने तपासा, नाहीतर भाजतं. शेवटच्या डाइव्हनंतर विमानापूर्वी किमान १८ तास जाऊ द्या.

पाटीवरचं त्याच संध्याकाळी वहीत उतरवा, उद्या स्वतःचीच अक्षरं लागत नाहीत. जोडीदाराच्या आकड्याशी ताडून बघा, मगच पाटी पुसा. टेप गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. निघताना वहीची एक प्रत संस्थेकडे द्या आणि गाठींची दोरी, ओळंबा आणि मुलांचे मोजणीचे कागद शाळेच्या कपाटात ठेवून या.