बेळगावातनं दिल्ली युनिव्हर्सिटीच्या हिंदू, मिरांडा, एसआरसीसी (श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स) या कॉलेजांना अर्ज कसा करायचा

दरवर्षी सेकंड पीयूसीचा (म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा) रिझल्ट लागला की फोन सुरू होतात, "दादा, पोरीला ९५ टक्के पडलेत, दिल्लीला मिरांडा हाऊसचा फॉर्म कुठं मिळतोय बघा की." तेव्हा सांगावं लागतं की मावशी, सीयूईटी या प्रवेश परीक्षेचा फॉर्म बंद होऊन कधीचं झालं, आता पुढच्या वर्षी. म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय, फर्स्ट पीयूसीत असलेल्यांनी तर नक्की वाचा कारण खरा निर्णय तिथंच होतो.

पहिलं म्हणजे ९५ टक्के डोक्यातनं काढा. २०२१ पर्यंत दिल्ली युनिव्हर्सिटीत बारावीच्या टक्क्यांवर कटऑफ लागायचा आणि त्या वर्षी तर काही कॉलेजांत काही कोर्सला तो सरळ १०० टक्के लागला होता. २०२२ पासून ते बंद झालं. आता एनटीए (केंद्राची परीक्षा घेणारी संस्था) सीयूईटी घेते, त्याच्या मार्कांवर मेरिट लागतं, आणि पीयूसी पास असलं की बस. दोघांचा स्कोर सारखा आला तर मग बारावीच्या बेस्ट तीन विषयांचे टक्के बघतात, म्हणजे पीयूसी अगदी वाऱ्यावर सोडायची नाही, खरं ९५ आणि ८८ मध्ये रात्रंदिवस जीव काढण्यात अर्थ नाही. डोमिसाईल वगैरे कोण विचारत नाही. सीमाभागातला म्हणून जो दाखला आपण महाराष्ट्रातल्या ॲडमिशनला वापरतो तो दिल्लीत दाखवून काही उपयोग नाही, आणि कर्नाटकातला म्हणून अडवणार पण नाहीत.

आता विषय. सीयूईटीत जास्तीत जास्त पाच पेपर देता येतात, प्रत्येकी ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबरला ५ आणि चुकलं तर वजा १, म्हणजे पेपर २५० चा. २०२५ पासून सगळं कॉम्प्युटरवर आहे. आणि दिल्ली युनिव्हर्सिटीचा नियम असा की तुम्ही बारावीला जे विषय घेतलेत त्याच विषयांचे पेपर मोजतात. हे इथं कोण सांगत नाही. एचईबीए (हिस्टरी, इकॉनॉमिक्स, बिझनेस, अकाउंटन्सी) घेतलेल्या पोरानं ऐनवेळी मॅथ्सचा पेपर टाकून एसआरसीसीत इकॉनॉमिक्स ऑनर्स मागितलं तर चालत नाही, इकॉनॉमिक्स ऑनर्सला मॅथ्स लागतंच. बीकॉम ऑनर्सला मात्र मॅथ्स नसलं तर अकाउंटन्सी चालते, म्हणजे एचईबीएवाल्यानं रडायचं कारण नाही, त्यानं बीकॉम ऑनर्स धरावं. एसईबीएवाल्यांनो (हिस्टरीऐवजी स्टॅटिस्टिक्स घेतलेले), तुमच्या स्टॅटिस्टिक्सचा सीयूईटीत वेगळा पेपरच नाही, ते धरून हिशेब करू नका. म्हणून म्हटलं फर्स्ट पीयूसीला कॉम्बिनेशन घेतानाच दिल्ली डोक्यात असेल तर बघून घ्या, मैत्रिणीनं घेतलं म्हणून एचईबीए असं करू नका.

मला सगळ्यात आवडती गोष्ट भाषेच्या पेपरची. सीयूईटीत १३ भाषा आहेत आणि त्यात मराठी आहे, कन्नड पण आहे. बहुतेक बीए ऑनर्सला मेरिट कसं लागतं तर एक भाषा आणि तीन विषय, एकूण १००० पैकी. म्हणजे पीयूसीला मराठी घेतलेल्या पोराचे पाव मार्क मराठीच्या पेपरातनं येऊ शकतात! आमच्याकडं सगळे डोळे झाकून इंग्लिश टाकतात, का तर दिल्ली आहे. अरे दिल्ली असू दे की. उतारे वाचून उत्तरं, शब्दसंपत्ती, असलाच पेपर असतो, खानापूरच्या मराठी शाळेतनं आलेल्या पोरीला त्यात इंग्लिशपेक्षा जास्त पडणार हे मी सांगायला नको. इंग्लिश ऑनर्स हवं असेल तर अर्थातच इंग्लिश द्यावं लागतं. आणि पाच पेपरांत बसत असेल तर दोन्ही भाषा द्या, ज्यात जास्त ते कामाला येतं. सायन्सवाल्यांना यातलं काही नको, फिजिक्स ऑनर्सला भाषेत ३० टक्के मिळाले की झालं, मेरिट पीसीएमवर.

पेपरचं माध्यम मात्र वेगळं निवडायचं असतं, तिथं भावनेत येऊन मराठी टाकू नका. दहावीपर्यंत मराठी मिडीयम असलं तरी पीयूसीत दोन वर्षं तुम्ही डेप्रिसिएशन आणि इलास्टिसिटी इंग्लिशमध्येच शिकलाय, परीक्षेत "घसारा" वाचून ६० मिनिटांतली दोन मिनिटं अशीच जातील.

अभ्यासाचं थोडक्यात सांगतो, सिलॅबस एनसीईआरटी बारावीचा. सायन्सला आपल्या पीयूसीत तेच पुस्तक आहे म्हणून निम्मं काम झालेलं असतं. आर्ट्सवाल्यांचं तसं नाही, इतिहासाचं आपलं पुस्तक वेगळं, त्यामुळं एनसीईआरटीचे तीन भाग वेबसाईटवरनं फुकट उतरवून घ्या आणि दसऱ्याच्या सुट्टीपासून वाचायला लागा. क्लासला पैसे घालायचे की नाही तुमचं तुम्ही ठरवा, मी तरी नको म्हणेन.

फॉर्म. तारखा दरवर्षी पुढं-मागं होतात, २०२५ ला मार्चमध्ये होता म्हणजे नेमका आपल्या पीयूसी परीक्षेच्या तोंडावर, म्हणून जानेवारीपासनंच एनटीएच्या वेबसाईटवर नजर ठेवा. सायबरमध्ये जाऊन भरा खरं ईमेल आणि मोबाईल नंबर स्वतःचा द्या, सायबरवाला घाईत आपलाच ईमेल घालून मोकळा होतो आणि नंतर जूनमध्ये ओटीपी त्याच्याकडं आणि तो लग्नाला गोव्याला. सेंटरसाठी शहरं विचारतात, लिस्टमध्ये बेळगाव असेल तर पहिलं तेच, मग हुबळी, धारवाड, कोल्हापूर. नाव एसएसएलसी (दहावी) मार्क्सकार्डावर जसं आहे तसंच्या तसं. आपल्याकडं एक नेहमीची भानगड म्हणजे शाळेत ज्योतीच्या स्पेलिंगमध्ये कन्नड पद्धतीनं टीएच घातलेला असतो आणि आधारवर नुसता टी, शिवाय एकीकडं वडिलांचं नाव मधी आणि दुसरीकडं नुसतं इनिशियल. फॉर्म यायच्या आधीच आधार मार्क्सकार्डाप्रमाणं करून घ्या, आधार सेंटरला रांग असते.

दाखल्यांकडं नीट लक्ष द्या, माझ्या मते अभ्यासापेक्षा इथंच जास्त पोरं अडकतात. दिल्लीला केंद्राची ओबीसी लिस्ट चालते, कर्नाटकची नाही. मराठा समाज राज्याच्या मागासवर्ग यादीत ३बी गटात आहे म्हणून ३बी चा दाखला घेऊन ओबीसी टिक केलं असं करायचं नाही, आधी मागासवर्ग आयोगाच्या वेबसाईटवर केंद्राच्या लिस्टमध्ये कर्नाटकासमोर आपली जात आहे का ते बघायचं. असेल तर नाडकचेरीत (दाखले देणारं सरकारी ऑफिस) केंद्राच्या नमुन्यातला नॉन क्रिमिलेअरचा मागायचा. नसेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) बघा, घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे आणि शेती ५ एकरांच्या आत. सातबारा म्हणा उतारा म्हणा, आजोबांच्या नावावरची शेती वाटणी न होता पडलेली असते, तो हिशेब तलाठ्यासमोर उभं राहून करू नका, घरी करून जावा. दाखला त्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेला लागतो आणि नुसता कन्नडमधला असला तर तिथं कोणाला वाचता येत नाही, इंग्लिशमध्येच मागून घ्या.

सीयूईटी झाली म्हणजे अर्ज झाला असं नाही. दिल्ली युनिव्हर्सिटीचं सीएसएएस म्हणून जागा वाटपाचं पोर्टल आहे, तिथं वेगळं रजिस्ट्रेशन, २०२५ ला जनरल, ओबीसी, ईडब्ल्यूएसला २५० रुपये आणि एससी एसटीला १०० होते. नंतर कोर्स आणि कॉलेज अशा जोड्या लावून प्रेफरन्स भरायचे. इथं कंजूषी करू नका, शंभर झाले तरी भरा, कारण यादीत नसलेली जागा तुम्हाला कधीच मिळणार नाही. क्रम मात्र खऱ्या आवडीचा लावा. "हिंदू कॉलेज मिळणार नाही, कशाला वर टाकायचं" असं करायची गरजच नाही, वर टाकून मिळालं नाही तर खालचं जात नाही. कोर्स आधी की कॉलेज आधी हे घरी बसून भांडून घ्या, मी कोर्सच्या बाजूनं, हिंदूमध्ये नको असलेला विषय तीन-चार वर्षं शिकण्यापेक्षा रामजस नाहीतर किरोडीमलला हवा तो बरा. मधी युनिव्हर्सिटी सिम्युलेटेड (अंदाजी) रँक दाखवते आणि क्रम बदलायला थोडा वेळ देते, तेव्हा परत एकदा बघा.

जागा लागली की ठरलेल्या वेळेत ॲक्सेप्ट करून फी भरायचीच, आवडली नाही तरी. ॲक्सेप्ट केल्यावर मग अपग्रेड टाका, पुढच्या राऊंडला वरची मिळाली तर खालची आपोआप सुटते. "पहिल्या राऊंडला नको, दुसऱ्याला बघू" म्हणून गप्प बसलात तर पुढच्या राऊंडांतनं नाव गेलं. वरची नकोच असेल तर फ्रीज करा, म्हणजे मिळालेली तीच जागा पक्की. सेंट स्टीफन्समध्ये ख्रिश्चन कोट्याला सीयूईटीचे ८५ टक्के आणि इंटरव्ह्यूचे १५ असतात, त्यासाठी कॉलेजची वेबसाईट वेगळी बघावी लागते. कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्यांना स्पोर्ट्स कोटा आहे, त्याची सर्टिफिकेटं आणि ट्रायल वेगळी.

हॉस्टेलचा फॉर्म कॉलेजचा वेगळा आणि जागा थोड्याच, ॲडमिशन झाल्याच्या दिवशीच भरा, नाही मिळालं तर नॉर्थ कॅम्पसला कमला नगर, विजय नगर, हडसन लेनमध्ये पीजी शोधायचं. जाताना बेळगावातनं गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला सोडते, रिझर्वेशन आधी काढून ठेवा. कॉलेजातनं टीसी आणि बोर्डाकडनं मायग्रेशन सर्टिफिकेट घेतल्याशिवाय गाडीत बसू नका, ते दोन कागद नंतर कुरिअरनं मागवायचे म्हटलं की इथं बाबांना सुट्टी काढून फिरावं लागतं.