कॉफीच्या संकरावर प्रोजेक्ट घेणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

उसाच्या भागातून कॉफीकडं वळलं की आधी एक सवय मोडावी लागते. आपल्याकडं लागण कांडीची, त्यामुळं एका जातीचा अख्खा फड एकसारखा. अरेबिका कॉफी बहुतेक बियांपासूनच लावतात. तिच्यात स्वपरागण होत असल्यानं दोन स्थिर जातींच्या संकराची पहिली पिढी (एफ१) बऱ्यापैकी एकसारखी दिसते. खरी गंमत एफ२ मध्ये, म्हणजे एफ१ च्या बियांपासून आलेल्या दुसऱ्या पिढीत. कातुर्रा या जातीचा बुटकेपणा प्रभावी आहे. उंच जातीशी संकर केला तर एफ१ सगळी बुटकी आणि एफ२ मध्ये साधारण तीन बुटक्या झाडांमागं एक उंच झाड निघतं.

एम.एस्सी. करताना मी हाच विषय घेतला. थिअरी कोल्हापुरात, झाडं मात्र चिक्कमगळूरूकडं. नव्यानं येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की मोजायचे गुणधर्म कमी घ्या. खोडाचा घेर, पेऱ्याची लांबी, पानाची लांबी-रुंदी, शंभर बियांचं वजन, पीबेरीचं (फळात एकच गोल बी) प्रमाण, एवढं पुष्कळ झालं. कोवळ्या शेंड्याचा रंग तांबूस की हिरवा, हे नुसतं डोळ्यांनी नोंदवता येतं. उत्पन्नाच्या मागं मात्र लागू नका. कॉफी एक वर्ष भरून देते आणि पुढच्या वर्षी हात आखडते. एका हंगामाच्या आकड्यावर प्रबंध उभा राहत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट सावली. दाट सावलीत पेरी लांबतात आणि बुटकं झाडही उंच वाटतं. म्हणून एफ२ शेजारीच दोन्ही पालक आणि एफ१ लावलेले असतील, असाच प्लॉट मागा. या तिन्हींत झाडाझाडांत जो फरक दिसतो तो बहुतांशी माती-सावलीचा. एफ२ च्या व्हेरिअन्समधून (आकड्यांच्या विखुरलेपणाच्या मापातून) तो वजा केला की उरतो तो आनुवंशिक. गाइड व्हायवात नेमकं हेच विचारतात.

रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या प्रजातीला हा हिशेब लावू नका. तिच्यात २२ गुणसूत्रं, अरेबिकात ४४, आणि रोबस्टाला परपरागणच लागतं. त्यामुळं तिची पहिली पिढीही विखुरलेली निघते.

जाण्याआधी १९२५ पासून चालू असलेल्या बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राला विद्यापीठामार्फत पत्र पाठवा. फुलं बघायची असतील तर मार्च-एप्रिलचा वळीव गाठा. पाऊस झाल्यावर आठ-दहा दिवसांत मळा पांढरा होतो आणि थोड्याच दिवसांत फुलं झडतात. तिकीट आधी काढून उपयोग नाही.