जुन्या गाडीचं मागचं सीट आणि डोअर पॅड: या चुका टाळा

जुनी गाडी पुन्हा उभी करताना मागच्या सीटकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं, आणि पहिला प्रश्न असतो, रेक्झिन कोणत्या रंगाचं घ्यायचं? खरं तर कव्हर हे या कामाचं शेवटचं पाऊल आहे. दारांच्या आतल्या बाजूची फुगलेली पॅडं, कुबट वास, बसकी गादी यांचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात आणि गंजात असतं. ते शोधल्याशिवाय महागडं चामडं चढवलं तरी काही महिन्यांत तेच दुखणं परत येतं.

पाणी कुठून येतं हे न पाहणं

आधी सीट बाहेर काढा. बऱ्याच गाड्यांत खालच्या गादीची पुढची कड मागे दाबून वर उचलली की ती सुटते. पाठ तळाशी बोल्टने धरलेली आणि वर आकड्यांत अडकवलेली असते. म्हणून बोल्ट काढल्यावर ती पुढे ओढू नका, सरळ वर उचला. ओढाओढीत आकडे वाकतात. मग खालचा पत्रा नीट पाहा. एकाने टॉर्च घेऊन आत बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने, खालून वर जात, हळूहळू पाणी सोडावं. सुरुवातच वरून केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि गळती नेमकी कुठे आहे ते कळत नाही. मागच्या काचेचं आणि डिकीचं रबर हे पहिले संशयित.

दारातला प्लास्टिकचा कागद फेकून देणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती अगदी सहज टाळता येते. काचेच्या फटीतून दारात थोडं पाणी उतरणारच. दाराची रचनाच तशी असते. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दार आणि पॅड यांच्यामधला कागद हे पाणी पॅडच्या हार्डबोर्डपर्यंत पोहोचू देत नाही. जुना, फाटका, चिकट कागद पाहून लोक तो कचऱ्यात टाकतात आणि पॅड थेट पत्र्यावर ठोकतात. मग बोर्ड पाणी पितो, क्लिपांची भोकं रुंदावतात आणि पॅड खालून सुटायला लागतं. जाड पॉलिथिन कापून ब्यूटाइल टेपने (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) कडेने चिकटवा. त्याची खालची कड दाराच्या आतल्या बाजूला वळवा, म्हणजे ओघळ दारातच पडेल. तळाची भोकं तारेने मोकळी करायला विसरू नका.

पॅड काढताना हँडल जोराने ओढू नका. त्याच्या मागे बहुधा घोड्याच्या नालाच्या आकाराची क्लिप किंवा आडवी पिन असते.

फुगलेल्या बोर्डावरून नवा बोर्ड कापणं

ओल्या बोर्डाचा आकार बदललेला असतो. बाह्यरेषा त्यावरून घ्या, पण क्लिपांची भोकं प्रत्यक्ष दाराशी जुळवून आखा. एका बाजूचं पॅड उलटं ठेवून दुसरी बाजू कापण्याचा मोह होतो. हातांनी जोडलेल्या जुन्या गाड्यांत दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही. नव्या बोर्डाच्या दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना वॉर्निश द्या. पाणी आधी कडेतूनच शिरतं.

एक गोष्ट जपा. काही पॅडांवरच्या रेषा शिवलेल्या नसतात, उष्णतेने दाबून उमटवलेल्या असतात. तशी नक्षी साध्या शिलाई मशीनवर होत नाही. रेक्झिन शाबूत असेल तर ते सावकाश सोलून नव्या बोर्डावर चिकटवा.

फोम घालून सगळं झाकणं

बसलेल्या गादीवर फोमचा जाड थर टाकणं हा सोपा उपाय वाटतो. पण तुटकी स्प्रिंग तुटकीच राहते, आणि सीट उंच होऊन डोकं छताला लागतं. आधी स्प्रिंगांची चौकट उघडी करा, तुटलेल्या जागा दुरुस्त करा, गंज काढून रंग द्या. स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये तरट किंवा जाड कापड हवंच, नाहीतर तार फोम कापत जाते. फोम घेताना घनता आणि कडकपणा वेगवेगळे विचारा: घनतेवर टिकाऊपणा ठरतो, कडकपणावर बसण्याची भावना. बसायच्या भागाला पाठीपेक्षा थोडा कडक फोम लागतो.

कव्हरच्या चुका

जुनं कव्हर उसवून झालं की फेकू नका. नवं कापड कापायला तोच तुमचा नमुना. त्याच्या आतून शिवलेल्या कापडी नळ्यांत ओवलेल्या तारा काढून नव्यात घाला, कारण शिवण आत खेचून धरण्याचं काम त्याच करतात. मागच्या काचेतून येणारं ऊन पाठीच्या वरच्या कडेवर थेट पडतं, म्हणून तिथली शिवण सगळ्यात आधी तुटते. सुती दोरा टाळा, उन्हात टिकणारा पॉलिएस्टर दोरा वापरा. रेक्झिन चढवण्याआधी ते थोडं गरम करा आणि फोमवर पातळ प्लास्टिकची फिल्म ठेवा, म्हणजे कव्हर सरकून जागेवर बसतं. स्प्रेचा साधा गोंद उन्हात तापलेल्या गाडीत सुटतो. उष्णता सहन करणारं सोल्यूशनच घ्या आणि दोन्ही बाजूंना लावून ते हाताला जेमतेम चिकट लागेपर्यंत थांबा.

जुनं रेक्झिनच रंगवणार असाल तर वर्षानुवर्षांच्या पॉलिशमधलं सिलिकॉन आधी पूर्ण पुसून काढा. ते राहिलं तर रंग पकडत नाही.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष

फोक्सवॅगन बीटलसारख्या गाडीत बॅटरी मागच्या सीटखाली असते. गादी दबली आणि स्प्रिंग टर्मिनलला टेकली तर ठिणगी पडते, आणि जुन्या गादीतला काथ्या किंवा केसांचं भरण पेटायला तेवढं पुरतं. बॅटरीवर अवाहक झाकण असल्याशिवाय सीट बसवू नका.

सीटबेल्टच्या पट्ट्यांचे बोल्ट साधे समजून बदलू नका. अनेक जुन्या गाड्यांत ते ७/१६ इंची, दर इंचाला २० आट्यांचे असतात. कार्पेट टाकताना त्यांची भोकं झाकली जाऊ देऊ नका. शेवटी आधी पाठ बसवा, पट्ट्यांची बकलं वर ओढून घ्या आणि मगच खालची गादी मागे दाबा. बकल खाली अडकलं तर गादी परत काढावी लागते, आणि नव्या कव्हरवर पहिला ओरखडा तेव्हाच उठतो.