जुन्या पिकअपची ठेवण बदलताना या चुका टाळा

जुन्या पिकअपच्या बॉडीत फेरफार करणारे बरेच जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी टप कापून बुटका करतात, मग सस्पेन्शन बदलून गाडी खाली बसवतात आणि चाकं सगळ्यात शेवटी निवडतात. मग गाडी बेढब का दिसते हे कळत नाही, म्हणून आणखी पत्रा कापला जातो.

ठेवण, म्हणजे गाडीचा एकूण बांधा कसा दिसतो ते, चाकावरून ठरते. चाक बॉडीच्या किती आत शिरलंय, मडगार्डच्या कमानीत ते बरोबर मध्ये आहे का, पुढच्या चाकापासून दारापर्यंत किती जागा उरते, या तीन गोष्टी नजर आधी टिपते. टपाची उंची त्यानंतर. गाडी पुढून चार आणि मागून सहा इंच खाली घेतली की तोच टप बेताचा वाटू लागतो आणि कापायचं कारणच उरत नाही. तेव्हा आधी उंची, मग टायरसकट चाकाचा पूर्ण व्यास, मग व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) आणि पत्रा सगळ्यात शेवटी. चाकाचा व्यास म्हणजे नुसती रिम नव्हे. वीस इंची रिमवर चपटा टायर आणि पंधरा इंचीवर जाड टायर यांची एकूण उंची जवळपास सारखी भरू शकते, पण दिसायला दोन्ही गाड्या अगदी वेगळ्या.

कागदावर ठरवतानाही एक चूक हमखास होते. फोनने जवळून फोटो काढला की समोरचा भाग फुगतो आणि टोकं आकसतात. अशा फोटोवर आखलेला तीन इंचांचा काप प्रत्यक्षात वेगळाच दिसतो. गाडीपासून लांब जा, कॅमेरा चाकाच्या मध्याच्या उंचीला धरा आणि झूम करून अगदी बाजूने फोटो घ्या. त्याची प्रिंट काढून कात्रीने कापा, सरकवा, चिकटवा. पटलं तर गाडीवर मास्किंग टेप लावा आणि दोन दिवस येता-जाता बघा.

लांब हौदा आखूड करताना

आठ फुटी हौद्याची गाडी घेऊन ती साडेसहा फुटी करणं हे सर्वांत लोकप्रिय काम, आणि सर्वांत जास्त गाड्या बिघडतात त्याही इथेच. दुसऱ्याच्या गाडीचं माप आपल्या गाडीवर उतरवू नका. १९६७ ते ७२ च्या शेव्हरलेट सी-१० या अमेरिकन पिकअपमध्ये लांब गाडीचा व्हीलबेस १२७ इंच आणि आखूडचा ११५, म्हणजे फरक १२ इंचांचा. १९७३ पासूनच्या पिढीत तोच १३१.५ आणि ११७.५, फरक १४. त्याच काळातल्या, १९६७ ते ७२ च्या फोर्ड एफ-१०० मध्ये १३१ आणि ११५, फरक १६.

हा फरक मागच्या एक्सलच्या पुढच्या भागातून काढायचा. हौद्याची उरलेली लांबी एक्सलच्या मागच्या शेपटातून कमी होते. सगळंच पुढून काढलं तर चाक केबिनला चिकटतं आणि मागे लांबलचक शेपूट उरतं. सगळं मागून काढलं तर हौद्याची कमान एकीकडे आणि चाक दुसरीकडे. कारखान्याने ही दोन मापं विचार करून वाटली होती, तीच पाळा.

चॅसीचा काप सरळ उभा घेऊ नका. चॅनेलच्या (चॅसीच्या पन्हाळीसारख्या तुळईच्या) वरच्या आणि खालच्या पट्टीवर ताण सर्वांत जास्त असतो. तिथे एका रेषेत आडवा वेल्ड आला की भेग तिथूनच धरते. काप पायरीसारखा घ्या, म्हणजे वरचा आणि खालचा सांधा एकाखाली एक येणार नाहीत. आतून जाड पट्टी द्या आणि तिची टोकं चौकोनी न ठेवता निमुळती करा, नाहीतर ताण पट्टीच्या कडेवर जाऊन बसतो. कापण्याआधी चारही कोपऱ्यांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि कर्ण मोजा. टॅक (थोडेथोडे तात्पुरते वेल्ड) मारल्यावर पुन्हा मोजा, पूर्ण वेल्ड झाल्यावर आणखी एकदा. दोन कर्णांत पाव इंचाचा फरक पडला तर तो तिथेच सोडवा. पुढे तो दाराच्या फटीत, हौद्याच्या रेषेत आणि टायरच्या झिजेत दिसतोच. चॅसी नंबर जिथे ठोकलाय तिथे मात्र ग्राइंडर नेऊ नका.

व्हीलबेस कमी झाला की प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर मागच्या एक्सलला नेणारा फिरता दांडा), ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, हँडब्रेकची वायर आणि मागच्या दिव्यांचं वायरिंग हे सगळं आखूड करावं लागतं. शाफ्ट स्वतः कापून वेल्ड करण्याच्या फंदात पडू नका. तो लेथवर करून बॅलन्स करूनच घ्यावा. तरीही ठराविक वेगाला गाडी थरथरत असेल तर शाफ्टवर संशय घेण्याआधी कोन तपासा. गिअरबॉक्समधून निघणारा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा (मागच्या एक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा) पिनियन, म्हणजे तिच्यात शिरणारा दांडा, एकमेकांना समांतर हवेत. गाडी खाली घेताना एक्सल थोडा फिरला की हे बिघडतं, आणि एक्सल व स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये पाचर देऊन ते सुटतं.

टप कापताना

माझं मत स्पष्ट आहे: १९६७ नंतरच्या सी-१० चा टप कापू नये. त्याची रेषा आधीच बसकी आहे. १९४७ ते ५५ ची शेव्हरलेट किंवा तिच्या काळातली फोर्ड यांच्या केबिन उंच आणि गोल, त्यांना दोन-तीन इंच शोभतात. चार इंच काढले की समोरची काच फट वाटू लागते आणि चालवणाऱ्याचं डोकं टपाला लागतं. सीट आधी खाली घ्यायची सोय बघा.

इथला खरा गोंधळ भूमितीचा आहे. पुढचा खांब मागे कललेला असतो. उभ्या रेषेपासून कल २५ अंश असेल आणि टप तीन इंच खाली आला, तर खांबाची वरची आणि खालची टोकं जवळजवळ दीड इंचाने चुकतात. मागचा भाग पुढे कललेला असेल तर तिथेही काही अंतर वाढतं. वरचा टप खालच्या केबिनपेक्षा लांबीला आणि रुंदीला लहान असतो, त्यामुळे तो खाली आणला की पुरत नाही. नवखे लोक खांब हातोडीने वाकवून टोकं जुळवतात. मग दाराची चौकट आणि काचेची खाच दोन्ही वाकडी होतात, दार वरून लागतं पण खालून फट राहते. अशा वेळी टप मधोमध कापून त्यात पट्टी घालावी, किंवा समोरची चौकट मुळापासून थोडी मागे झुकवावी. पहिल्यात काम जास्त, पण काचेचा कोन मूळचाच राहतो.

कापण्याआधी केबिनच्या आत लोखंडी नळ्यांनी फुली मारून बांधणी करा, आणि दारं बसवलेलीच ठेवा. दारं काढून टप जोडला की ती परत बसतील याची खात्री नाही. केबिनखालचे रबर झिजलेले असतील तर आधी बदला. वाकड्या केबिनवर सरळ टप बसवला तर उद्या नवे रबर घालताना सगळ्या फटी बदलतात.

काचेचंही आधीच ठरवा. समोरची काच थर दिलेली असते, ती कापता येते. बाजूची किंवा मागची काच टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) असेल तर कटर लावताच तिचा चुरा होतो. तिथे नवीच करून घ्यावी लागते. १९५५ नंतर दोन्ही बाजूंना वळलेल्या समोरच्या काचा आल्या. त्या गाड्यांचा टप कापणं सपाट काचेच्या गाडीपेक्षा कितीतरी अवघड आहे.

वेल्ड झाल्यावर टपाला लाटा आल्या तर दोष पत्र्याचा नसतो, घाईचा असतो. इंचभराचे टॅक दूरदूर मारत जायचे, एक इथे तर दुसरा दुसऱ्या टोकाला, आणि हात लावता येईल इतपत पत्रा थंड होऊ द्यायचा. सलग वेल्ड ओढला की पत्रा आकसून डबा वाजल्यासारखा आत-बाहेर होतो. मग तो पुट्टीखाली झाकला जातो, आणि जाड पुट्टी उन्हात आणि खड्ड्यांत तडकते.

त्या काळच्या अनेक पिकअपमध्ये, सी-१० मध्ये तर १९७२ पर्यंत, पेट्रोलची टाकी सीटच्या मागे केबिनमध्येच असते. रिकामी टाकीही भरलेलीइतकीच धोक्याची, कारण पेटते ती आतली वाफ. कापायला सुरुवात करण्याआधी टाकी गाडीबाहेर काढून लांब ठेवा, बॅटरी सोडवा.

गाडी खाली घेतल्यावर

सी-१० बद्दलची एक तक्रार नेहमी कानावर येते: मागचं एक चाक बाहेर आलंय आणि दुसरं आत गेलंय. लोक चाकाच्या ऑफसेटला (रिम किती आत-बाहेर बसते त्याला) दोष देतात, चाकामागे स्पेसरची चकती घालतात. कारण वेगळंच असतं. मागे स्प्रिंग कॉइल असलेल्या या गाड्यांत एक्सलला बाजूने धरणारा पॅनहार्ड रॉड आखूड असतो आणि त्याचं टोक कमानीच्या रेषेत फिरतं. गाडी खाली आली की रॉडचा कोन बदलतो आणि तो अख्खा एक्सल एका बाजूला ढकलतो. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड घ्या, गाडी चाकांवर उभी असताना दोन्ही बाजूंचं अंतर समान करा आणि मगच स्पेसरचा विचार करा.

पुढचं चाक कमानीत मागे किंवा पुढे सरकल्यासारखं वाटणं हेही गाडी खाली आल्यावरच उघडं पडतं, कारण आता चाक आणि कमान यांच्यात सैल जागा उरत नाही. पुढच्या एक्सलची जागा किती महत्त्वाची ते फोर्डकडे बघून कळतं: १९५३ ची एफ-१०० आणताना त्यांनी पुढचा एक्सल मागे घेतला, व्हीलबेस ११४ वरून ११० इंचांवर आला आणि गाडीचा चेहराच बदलला. चाक पाऊण इंच सरकवायचं असेल तर सस्पेन्शनच्या आर्ममधून सरकवा, कमान कापून नव्हे.

१९६१ ते ६३ च्या फोर्डच्या काही गाड्यांत केबिन आणि हौदा एकाच पत्र्यात जोडलेले आहेत. त्यांना वरचे बरेच उपाय लागू पडत नाहीत. तिथे हौदा नुसता ठेवलेला नसतो, तो केबिनलाही धरून असतो. अशी गाडी हातात असेल तर खाली घ्या, चाकं बदला आणि पत्र्याला कटर लावू नका.

काम संपल्यावर पहिली फेरी हौद्यात वजन घालून मारा. रिकाम्या गाडीत एक्सल चॅसीला आदळत नाही, भरल्यावर आदळतो. तिथे चॅसीला खालच्या बाजूने खाच घेऊन तिला जाड पट्टीचा आधार द्यावा लागतो. हे काम रंग मारण्याआधी झालेलं बरं.