ध्रुवीय प्रदेशात छोट्या जहाजाने जायचंय? आधी माणसं मोजा

क्रूझ शोधायला बसलं की आपण केबिनचे फोटो बघत बसतो, बाल्कनी आहे का, सॉना आहे का वगैरे. माझं सांगणं एवढंच की सगळ्यात आधी जहाजावर प्रवासी किती घेणार ते विचारा, बाकी सगळं नंतर.

कारण असंय, अंटार्क्टिकात एका जागी एकावेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरवता येतात आणि ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाच किनाऱ्यावर उतरवायचं नाही, हा आयएएटीओ या टूर कंपन्यांच्या संघटनेचा नियम आहे. आता हिशोब करा. १०० च्या आतलं जहाज असेल तर सगळे एकदमच उतरतात. १८० असतील तर दोन तुकड्या, एक किनाऱ्यावर आणि दुसरी तोवर झोडियाकमधून (हवा भरलेली छोटी मोटरबोट) हिमनगांच्या मधून फिरते, हेही छानच असतं. पण ४०० च्या वर गेलात की पाच तुकड्या, म्हणजे इतक्या लांब जाऊन पेंग्विनसमोर तासभर उभं राहायचं आणि बाकी वेळ जहाजावर पाळीची वाट बघायची! छोटं म्हणून जाहिरात असलेलं प्रत्येक जहाज खरंच छोटं नसतं, त्यामुळे आकडाच मागा.

छोट्या जहाजाची दुसरी बाजूही सांगतो, ते लाटांवर जास्त हलतं. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वायाहून निघालात की ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकाच्या मधला समुद्र लागतो, साधारण दोन दिवस जायचे आणि दोन यायचे, आणि तिथला समुद्र कधी शांत तर कधी उभं राहू देत नाही. बोट लागत असेल तर खालच्या डेकवरची, मधोमध असलेली केबिन घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं आणि बऱ्याचदा ती स्वस्तही असते. चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर जाऊन जहाज पकडायचाही पर्याय आहे, पण तिथे हवामान बिघडलं की विमान उडत नाही, म्हणून पुढे-मागे मोकळे दिवस ठेवाच.

उत्तर की दक्षिण हे प्राण्यांवरून ठरवा. पांढरी अस्वलं फक्त आर्क्टिकमध्ये, पेंग्विन दक्षिणेकडेच. अंटार्क्टिकाचा सीझन नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात बर्फ ताजा आणि पेंग्विनची घरटी बांधायची गडबड, डिसेंबरअखेर-जानेवारीत पिल्लं, आणि व्हेल बघायचे असतील तर फेब्रुवारी-मार्च. किंग पेंग्विनची ती हजारोंची गर्दी मात्र साउथ जॉर्जिया या दक्षिण अटलांटिकमधल्या बेटावर, त्यासाठी दिवस जास्त लागतात, पण सुट्टी मिळत असेल तर मी तरी तीच ट्रिप निवडेन.

आर्क्टिकमध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जायचं तर तिथल्या लाँगइयरब्येन गावाहून जहाजं निघतात. तिथे २०२५ पासून नियम कडक झालेत, संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजाला बंदी, अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं आणि मार्च ते जूनमध्ये तर ५०० मीटर. त्यामुळे जुने फोटो बघून अस्वल अगदी जवळ दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, चांगली दुर्बीण घ्या. अस्वलासाठी हे अंतर गरजेचंच आहे.

कंपनीला मेल करताना हे विचारा: आयएएटीओची मेंबर आहे का (आर्क्टिकसाठी तशीच संघटना एईसीओ), जहाजाचा आइस क्लास (बर्फातून जाण्याइतकं ते किती मजबूत आहे याचा दर्जा) काय, गाइड किती (किनाऱ्यावर २० प्रवाशांमागे किमान एक असायला हवा), कयाकिंग आणि बर्फावरचं कॅम्पिंग भाड्यात धरलंय की वेगळे पैसे, आणि बूट-जॅकेट तेच देणार का. एकटे असाल तर सिंगल सप्लिमेंट, म्हणजे केबिन एकट्याने घेण्याचा जादा आकारही विचारा, तो कधीकधी फार जड पडतो, काही कंपन्या रूम पार्टनर जुळवून देतात. रोजचा पक्का कार्यक्रम मात्र मागू नका, बर्फ आणि वारा बघून कॅप्टन आणि एक्सपिडिशन लीडर (गाइडांचा प्रमुख) तिथेच ठरवतात.

इन्शुरन्समध्ये मेडिकल इव्हॅक्युएशन (आजारी पडल्यास तिथून हॉस्पिटलपर्यंत हलवण्याचा खर्च) आहे ना ते पॉलिसी उघडून स्वतः वाचा. जहाजावर डॉक्टर असतो, पण ऑपरेशनची वेळ आली तर मोठं हॉस्पिटल कित्येक दिवसांवर असू शकतं, आणि हा खर्च साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बसेलच असं नाही.